मटकीच्या रंगाची डबी

तो डाग आधी आईला दिसला, मला नाही. वेणी घालायला तिनं मला पुढ्यात घेतलं होतं आणि तोंडाची टकळी नेहमीसारखी चालू होती, टँकर आजही आला नाही, हुलगे निवडायचे राहिले, धाकटी शालन कुठं उंडारतेय कुणास ठाऊक. बोलता बोलता ती एकदम थांबली. फणी केसांत तशीच. मी म्हटलं, "काय गं, ऊ घावली व्हय?" माझं तोंड तिनं दारातल्या उजेडाकडं फिरवलं आणि डाव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या हाडावर अंगठा घासला. मग थुंकी लावून घासला, मग पदरानं. कातडी झोंबायला लागली तशी मी ओरडले. "गप," ती म्हणाली, "आवाज करू नको." तिचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. फळीवरचा हाताएवढा आरसा तिनं काढून दिला. बघितलं तर चिंचोक्याएवढी जागा पांढरी पडलेली. पीठ लागावं तशी, पण पुसली न जाणारी. मला काही विचारावंच लागलं नाही, कारण आमच्या गावात त्या डागाचं नाव शेंबडं पोरही सांगू शकत होतं. कोड.

वरच्या आळीला गजराकाकू म्हणून एक बाई राहायची. तिच्या ओठांवर आणि हातांवर कोड होतं. नवऱ्यानं तिला आणून सोडलेली, भावानं मागच्या पडवीत ठेवलेली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नसे. विहिरीवर सगळ्यांच्या घागरी भरल्यावर तिनं यायचं, आणि तिनं पोहऱ्याला हात लावला की पुढची बाई दोर मातीनं घासून घ्यायची. मी स्वतः घासलेला आहे. लहानपणी सगळ्यांचं बघून आपणही करतो, त्यात काही वाटतही नाही. आता मात्र रोज विहिरीकडं जाताना मला तोच दोर दिसायचा. आई म्हणाली, "भितीला कान असत्यात. कुनाजवळ ब्र काढायचा न्हाई. तुझं तर व्हईल ते व्हईल, पर मागं शालन हाय. एका घरात एकीला निघालं की दुसरीला कोन करून घेतंय? आन दादांच्या कानावर तर जाऊच द्यायचं न्हाई, सांगून ठिवते." दादा म्हणजे माझे वडील. उंच, काळेकभिन्न, कमी बोलणारे. रागावले की ताट भिरकावायचे, म्हणून त्यांच्यापुढं आम्ही तिघी मायलेकी कायम अंग चोरून असायचो. दादांना कळलं तर काय होईल हे आईनं कधी सांगितलं नाही. ते न सांगितल्यामुळंच मी जास्त भ्यायले.

ते दुष्काळाचं वर्ष. आमच्या पारनेर तालुक्याला दुष्काळ काही नवा नव्हता, पण असा कुणी पाहिला नव्हता. चांगल्या बारदान्याची, जमीनजुमल्याची घरंसुद्धा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. पहाटे जात्यावर रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली जाडी ज्वारी, दळायचा. त्याची घरघर ज्वारीसारखी गोड लागत नसे, खडे भरडल्यासारखी कर्कश यायची. त्या पिठाची भाकरी तव्यावरच चिरायची आणि गार झाली की खापरासारखी व्हायची. बरोबर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, वाटलेली मिरची, असला तर कांदा. ते फडक्यात बांधून आम्ही उजाडायच्या आत कामावर. मग दिवसभर हातोडीचा ठक ठक आवाज, शंभर बायकांचा एकदम. आणि खरं सांगते, त्या दिवसांत मला निर्धास्त वाटायचं ते तिथंच. खडीच्या धुळीनं सगळ्या बायका पांढऱ्या. भुवया पांढऱ्या, गाल पांढरे. त्या पांढऱ्यात माझं पांढरं कुणाला दिसतंय! घरी येऊन तोंड धुवायची वेळ झाली की पुन्हा जीव टांगणीला. मी पदर कानावरून असा ओढून घ्यायचे की शालन म्हणायची, "ताये, तुझा कान दुखतोय का गं?"

संक्रांत झाली आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं स्थळ आलं. एरवी आनंदाची गोष्ट. आईच्या लांबच्या नात्यातले रंभाजीमामा सोयरिकी जमवायचे, त्यांनी आणलेलं. राहुरीकडचं, कालव्याचं गाव, घरचा ऊस, दारात पाण्याचा हौद. हौद म्हणताना मामांनी दोन्ही हात इतके पसरले की आमची सगळी ओसरी त्यात बुडाली. "पोर पान्यात पडंल," ते म्हणाले. दादा पहिल्यांदाच हसताना दिसले. पोरगी हंड्यामागं वणवण करणार नाही, याहून मोठं सुख त्या वर्षी आमच्याकडं कुणाला सुचत नव्हतं. पाहुण्यांनी कळवलं की उसाचं उरकलं की चैतात येतो बघायला. मामा गेल्यावर आई चुलीपुढं बसून राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. झाकायची सोय बघितली पायजे."

ती सोय तिला कुठून सुचली ते ऐका. आमच्या जत्रेला तमाशाचा फड यायचा. त्यातल्या एका बाईला दिवसा ओढ्यावर धुणं धुताना आईनं पाहिलेलं. तोंडभर देवीचे वण. आणि रात्री बोर्डावर, म्हणजे स्टेजवर, त्याच बाईचं तोंड लोण्यासारखं गुळगुळीत. बायकांनी खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं होतं की पॅनकेक म्हणून डबी मिळते नगरला, ओल्या बोळ्यानं लावायची, आपल्या रंगाची निवडून घ्यायची. आईनं ते लक्षात ठेवलेलं. पण आपल्या रंगाची निवडायची म्हणजे मला दुकानात न्यायला हवं, आणि दुकानात नेलं तर दुकानदार निरखून बघणार. "तू न्हाई यायचं," ती म्हणाली. "तुझा रंग मी घिऊन जाते."

म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. कामाला सुट्टी होती. दुपारी घरात कुणी नसताना तिनं मला परसात उभं केलं आणि गाडगी-मडकी उघडून मूठ मूठ धान्य माझ्या गालाशी धरून बघायला लागली. ज्वारी धरली, नको. रेशनचा गहू, नको. हुलगा धरला आणि स्वतःशीच पुटपुटली, "येवडी काय काळी न्हाईस." बाजरी, तूर, एक एक करून सगळं झालं. मला हसू येत होतं आणि रडूही. कोंबडी निवडावी तशी ती माझी मान इकडून तिकडं फिरवत होती. शेवटी बियाण्याला राखेत ठेवलेली मटकी तिनं पाण्यातून काढून, पुसून, गालाला लावली आणि मागं सरकून डोळे बारीक केले. "हीच," म्हणाली. चिमूटभर मटकी तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि माहेरच्या माणसाला भेटायचं निमित्त सांगून सुप्याहून एस.टी.नं नगरला गेली.

तिथं काय झालं ते ती पुढं म्हातारपणी रंगवून सांगायची, तेव्हा मात्र भीत भीत सांगितलं होतं. कापड बाजाराच्या गल्लीत नाटकवाल्यांचं सामान ठेवणारं दुकान तिनं विचारत विचारत शोधलं. गाठ सोडून मटकी काचेवर ओतली आणि म्हणाली, "भाऊ, ह्या रंगाची डबी द्या." दुकानदार म्हणाला, "बाई, भुसार माल पलीकडच्या गल्लीत." मग समजल्यावर त्यानं तीन डब्या मांडल्या. एक गुलाबी, एक पिवळट, एक तपकिरी. कुणासाठी हवी विचारल्यावर आईनं सांगितलं की गावात जत्रेला सोंगं नाचतात, त्याला. एक एक मटकीचा दाणा तिनं प्रत्येक डबीवर ठेवून बघितला आणि तपकिरी घेतली. दाणा डबीत दिसेनासा झाला, इतकी तंतोतंत जमली, असं ती म्हणायची. ते खरंच असणार. आईचा डोळा चुकायचा नाही. चूक वेगळीच होती, आणि ती आम्हा दोघींच्या लक्षात यायला हवी होती तेव्हा आली नाही.

परवा माझी नात मला पुण्याला एका चकचकीत दुकानात घेऊन गेली. तिला फाउंडेशन घ्यायचं होतं. त्या दुकानातल्या मुलीनं दोन-तीन शेड तिच्या जबड्यावर, बरोबर माझा डाग होता तिथंच, रेघा ओढल्यासारख्या लावल्या आणि तिला दाराबाहेर उन्हात नेऊन आरसा दाखवला. "हातावर बघायचं नाही, आणि उन्हाळ्यात एक शेड गडद घ्यायची," असं ती अगदी सहज म्हणाली. मी आपली तिथल्या स्टुलावर बसून राहिले. माझ्या तळहातांना घाम फुटला होता. नातीला वाटलं एसीनं मला बरं वाटत नाहीये.

तर डबी आली ती कणगीमागं, गाडग्यात लपवलेली. पाहुणे यायला अजून अवकाश होता आणि काम तर बुडवता येत नव्हतं. माघ गेला, फाल्गुन गेला, ऊन वर चढत गेलं, आणि मी रोज त्या उन्हात खडी फोडत होते. माझं तोंड रापत रापत हुलग्यावर गेलं. डाग तेवढा रापेना, उलट आरशात पूर्वीपेक्षा ठसठशीत पांढरा दिसायचा. आई रोज बघायची आणि म्हणायची, "वाढला गं बाई, लई पांढरा झाला." दोघीही डागाकडंच बघत होतो. भोवतीचं तोंड काळवंडलंय आणि डबी मटकीच्याच रंगाची आहे हे काही कुणाच्या ध्यानात येईना. भीती अशीच असते मेली, एका ठिकाणी नजर खिळवून ठेवते. मला स्वप्नंसुद्धा तसलीच पडायची. मी घागर घेऊन विहिरीवर उभी आहे आणि सगळ्या बायका दोर घासताहेत.

पाहुणे यायचे होते तिसऱ्या प्रहरी. आईचा बेत होता की तोवर ऊन उतरेल, मला आतल्या घरात अंधाऱ्या बाजूला बसवायचं, दोन प्रश्न, कुंकू, की उठवायचं. पण ते आले सकाळच्या गाडीनं, आम्ही पोळ्या लाटत असताना. दादांनी बाहेरून हाक मारली, "आगं, पाव्हणं आलं!" आणि आईच्या हातून लाटणंच सुटलं. तिनं मला कोपऱ्यात ओढलं. ओला बोळा डबीत फिरवला आणि डागावर थापला, पुन्हा थापला. "दिसतंय का?" मी विचारलं. "काय न्हाई दिसत, जमलंय," ती म्हणाली. त्या धुरकट अंधारात जमलंच होतं. तिथं सगळंच एका रंगाचं.

आत बसवायचा बेतही बारगळला. उकाड्यानं जीव जात होता, म्हणून दादांनी घोंगडी बाहेर, भर अंगणात लिंबाखाली टाकली. मुलाचा मामा, मुलगा, रंभाजीमामा, दादा एका बाजूला. अलीकडं मुलाची आई, एकटीच बाईमाणूस. जाडजूड, हातभर गोंदण, आवाज खणखणीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि उन्हात पाऊल टाकताच मला कळलं की काहीतरी चुकलं आहे, कारण त्या बाईची नजर माझ्या तोंडावरून सरकत सरकत जबड्यावर येऊन थांबली. मी खाली बसले. घाम कानामागून निघून मानेवर उतरत होता आणि प्रत्येक थेंब आपल्याबरोबर डागावरचा रंगही घेऊन जाईल असं वाटत होतं. मुलाच्या मामानं नाव विचारलं. मी सांगितलं. शाळा कितवी विचारलं. तेही सांगितलं बहुतेक. मुलाकडं बघायचा तर प्रश्नच नव्हता, मला आजही त्याचं तोंड आठवत नाही.

"आगं बया," ती बाई हसून म्हणाली, "पोरीच्या गालाला पीठ लागलंय बघा. लई कामाची दिसतीया, पोळ्या लाटता लाटता उठलीया. ये हिकडं, बाळ, पुसते." आणि तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं.

आई दारातून अक्षरशः धावली. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या वो! म्या पुसते." पण बाईनं एका हातानं माझी हनुवटी धरली होती. ओला पदर कानाखाली फिरला, एकदा, मग जोर देऊन. पदर तपकिरी झाला. तिनं पदराकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिचं हसणं तोंडावर तसंच राहिलं होतं, डोळ्यांतलं मात्र गेलं होतं. इतक्या जवळून मला तिचा श्वास ऐकू येत होता. आता ती किंचाळेल, आता हात झटकेल, आता लिंबाखालचे सगळे उठून येतील. मी डोळे गच्च मिटून घेतले. आमच्या गावातल्या सगळ्या विहिरी, सगळे दोर माझ्या डोळ्यांपुढं आले.

"काय झालं वं, आक्का?" मुलाच्या मामानं विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "पीठ हुतं."

मी डोळे उघडले. तिनं माझा पदर ओढून माझ्या कानावरून खाली, गालापर्यंत नीट घेतला, आई घ्यायची तसाच. वाटीतलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं. आणि मग हात मांडीआड नेऊन बोटं लुगड्याला पुसली. एकदा नाही, पुसतच राहिली. तिनं मला सांभाळलं आणि ती मला भ्यालीही. दोन्ही मी पाहिलं, आणि दोन्हींचं मला सारखंच वाईट वाटलं. पोळी तिनं खाल्ली नाही, उपास आहे म्हणाली.

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. ती बोलेल की नाही बोलणार? गाडीत मुलाच्या मामाला सांगितलं असेल का? रंभाजीमामाच्या कानावर गेलं तर सुप्याच्या बाजारात हां हां म्हणता बभ्रा होईल. कामावर दोन बायका डोकं जुळवून बोलताना दिसल्या की माझी हातोडी चुकायची. अंगठ्यावर बसली एकदा, नख काळंनिळं झालं. आई दिवसातून दहादा म्हणायची, "सांगायची न्हाई ती. भल्या घरची हाय." आणि लगेच, "सांगितलं आसंल का गं?" मी तिला काय सांगणार, कपाळ! दादा तेवढे खुशीत. पोरीला कुंकू लावलंय म्हणजे पसंतच, असं त्यांनी धरून चाललं होतं. चार माणसांत कधी न बोलणारा माणूस, पण कामावर मुकादमाला सांगत होता म्हणे की आमची पोर आता पाण्याच्या गावाला जाणार.

बाजाराच्या दिवशी रंभाजीमामा आले. ओसरीवर टेकले, पाणी प्याले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी आणि आई दाराआड. "दाजी, मनाला लावून घिऊ नका," ते म्हणाले. "मानसं लई चांगली. पोर लई आवडली, आक्का सारखी म्हनत हुत्या, पोर गुनाची हाय. पर पत्रिका जुळत न्हाई म्हनं."

दादा पुढं सरकले. मग म्हणाले, "पत्रिका?"

"व्हय. जुळत न्हाई."

"आरं, पर पत्रिका आपन दिलीच कुठं? आमच्या पोरींच्या पत्रिका हायतच कुठं? जल्मली तवा आकाडाचा महिना हुता एवडंच ठावं हाय मला."

मामांनी खांदे उडवले. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं, तोंडावर दिसत होतं. आईनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. बाईनं तोंड उघडलं नव्हतं. घरी, दारी, कुणाजवळच नाही. माझी अब्रू तिनं झाकली होती आणि मला नाकारलंही होतं, आणि मी त्या दाराआड उभी राहून देवाला हात जोडत होते.

पण दादा उठले. मामा गेल्यावर त्यांनी खुंटीवरचा फेटा काढून डोक्याला गुंडाळायला सुरुवात केली. "उद्याच्याला कशाला, आत्ताच्या गाडीनं जातो राहुरीला," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "माझ्या पोरीला कुकू लावून मागं फिरत्यात व्हय? आन वर खोटं बोलत्यात! चार मानसं बसवतो आन त्या बाईला समोर इचारतो, काय खोट हाय माझ्या पोरीत ते सांग."

आईच्या तोंडाचं पाणी पळालं. ती फक्त "आवं, आवं" करत राहिली. आणि माझ्या डोळ्यांपुढं ती बाई आली, चार माणसांत बसलेली, दादा तिच्यापुढं उभे, आणि तिला आता बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. सगळं तिथंच फुटणार होतं, भर चावडीवर, आणि दादांच्याच हातानं. मला दादांची भीती वाटत होती, लहानपणापासून वाटत होती, त्या क्षणीही वाटत होती. तरी मी दाराआडून बाहेर आले, त्यांच्या वाटेत उभी राहिले आणि पदर कानामागं सारला.

"दादा, जाऊ नका," मी म्हणाले. "तिनं खोटं सांगितलं न्हाई, चांगलं सांगितलं. हितं बघा."

अंगणात ऊन होतं. त्यांनी माझी हनुवटी वर केली. मी त्यांच्या हाताच्या चापटीची वाट बघत डोळे मिटले. त्यांचा रागाचा आवाज काही येईना. फेट्याचा सुटलेला शेव माझ्या खांद्यावर घासत होता. मग त्यांचा अंगठा, खडीनं चिरलेला, खरखरीत, त्या डागावर अगदी हलक्यानं टेकला.

"दुखतं का गं?" दादांनी विचारलं.

आम्ही दोघींनी तो डाग इतके दिवस घासला, झाकला, मटकीशी जोखला, त्याच्यापायी देवाला बोलून झालं, पण हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही. "न्हाई, दादा," मी म्हणाले, आणि मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना. आई मागून धावली, "आगं गप, गप, कुनी ऐकंल," म्हणत माझ्या तोंडावर हात ठेवायला लागली.

दादांनी तिचा हात धरून बाजूला केला. "रडू दे तिला," ते म्हणाले.